कागद केला की शेत गेलं?

सध्या माझं पोस्टिंग उत्तर बंगालमध्ये आहे. नक्षलबाडी इथून इतकं जवळ, की नव्याने आलेला अधिकारी पहिल्या मोकळ्या रविवारी तिकडे चक्कर मारतो आणि ‘काही नाही हो बघण्यासारखं’ म्हणत परत येतो. खरंच आहे. बाजार, भाताची खाचरं, चहाचे मळे. बस्स.

मे १९६७ मध्ये तिथे जे घडलं ते आपल्याला बंदुकीच्या बाजूने माहीत असतं. त्या गावाच्या नावाने पुढे पन्नास वर्षं वर्दीतली माणसं मरत राहिली. सीआरपीएफचे जवान, राज्यांचे पोलीस, आपल्या गडचिरोलीचे सी-६० वाले. त्यामुळे त्या चळवळीबद्दल मला जराही जिव्हाळा नाही. पण भांडण सुरू कशावरून झालं? कोर्टाचा निकाल बाजूने असूनही एका बटईदाराला मालकाच्या माणसांनी मारहाण करून शेतात पाऊल ठेवू दिलं नाही. वातावरण आधीच तापलेलं होतं. २४ मे रोजी एक पोलीस निरीक्षक बाणांनी मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात ११ जण गेले, त्यांत बहुतेक स्त्रिया.

बटईदाराला बंगालीत बर्गादार म्हणतात. पेरतो तो, कापतो तो, पण सरकारदरबारी त्याचं नाव कुठेच नाही. मालकाने ‘हा माझा मजूर’ म्हटलं की विषय संपला.

यावर बंगालने जे केलं ते आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९७७ साली कायद्यात दुरुस्ती झाली: शेत करणारा माणूस बटईदार नाही, हे मालकाने सिद्ध करायचं. १९७८ पासून ‘ऑपरेशन बर्गा’ सुरू झालं. (नावात ऑपरेशन असलेल्या सरकारी मोहिमांवर माझा सहसा विश्वास बसत नाही. ही अपवाद.) महसूल खात्याचे लोक कचेरीत अर्जांची वाट बघत बसले नाहीत. माणसं शेतावरून परतली की संध्याकाळी गावात बैठक घ्यायची, कोण कोणाचं रान करतं ते सगळ्यांसमोर विचारायचं, शेतावर जाऊन खातरजमा करायची, यादी चारचौघांत लावायची, हरकती ऐकायच्या आणि दाखला द्यायचा. अशा १४-१५ लाख बर्गादारांची नोंद झाली. जमीन मालकाचीच राहिली. खर्च बर्गादाराचा असेल तर मालकाला चौथा हिस्सा, आणि बर्गादाराला मनात आलं म्हणून हाकलता येणार नाही. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याने उत्पादन वाढल्याचं दाखवलं. किती वाढलं यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहे, तो त्यांनी घालावा.

आता आपल्या घरात येऊ. माझ्या युनिटमध्ये सगळ्या प्रांतांचे जवान आहेत. सुट्टीच्या मुलाखतीत ‘साहब, खेत का मामला है’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं ऐकायच्या आधीच जिल्हाधिकाऱ्यांना लिहायच्या पत्राचा मसुदा डोक्यात तयार होतो. दावा कोर्टात असेल तर जवानाच्या गैरहजेरीत तो पुढे रेटला जाऊ नये म्हणून १९२५ चा कायदा आहे. म्हणजे मालक जर फौजी असेल तर त्याच्या मागे आम्ही आहोत, कायदा आहे. असायलाच हवा.

पण तो सीमेवर असताना त्याचं शेत करतं कोण? बिहारच्या एका हवालदाराला मी विचारलं. बटईवर दिलंय, तोंडी, आणि दर दोन वर्षांनी माणूस बदलतो. का? ‘साहब, कागज बना तो खेत गया.’ दोन वर्षांत जाणार असलेला माणूस त्या रानात शेणखत कशाला टाकेल? बांध कशाला घालेल? गारपीट झाली की नुकसान त्याचं, भरपाई मालकाच्या खात्यावर. पीएम-किसानचे सहा हजारही ज्याच्या नावावर जमीन त्यालाच. पीक कर्ज मागायला गेला तर बँक कागद मागते. मग उरतो सावकार.

महाराष्ट्रात यालाच ‘कूळ लागेल’ म्हणतात. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळाला मालक केलं, आणि ते योग्यच होतं. चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून सहा वर्षं संप केला होता, तो काही हौसेने नाही. पण त्या दिवसाची धास्ती मालकांच्या मनातून अजून गेलेली नाही. १९६४ साली याच कायद्यात फौजी मालकांसाठी वेगळं प्रकरण घालून आपल्याला जमीन परत घेण्याची वाट करून दिली गेली. आपली सोय झाली. आपलं रान करणाऱ्याची काय झाली?

माझं मत सरळ आहे. मालकी आणि कसणूक यांची नोंद वेगळी करा. नीती आयोगाने २०१६ मध्ये भाडेपट्ट्याचा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला, त्याचं सूत्र हेच. आंध्रने २०१९ मध्ये कसणाऱ्याला ११ महिन्यांचं कार्ड देणारा कायदा केला. मालकी हक्क अबाधित, कर्ज आणि विमा कसणाऱ्याला. पण त्यात मालकाची सही लागते आणि घोडं तिथेच अडतं. भ्यालेला मालक सही करत नाही. म्हणून सहीच्या जागी बंगालची ती संध्याकाळची बैठक आणा. कोण रान करतं हे गावाला माहीत असतंच. मात्र त्या नोंदीतून वंशपरंपरागत हक्क निर्माण होणार नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहा. दोन एकरांच्या जवानाला बड्या जमीनदाराच्या रांगेत बसवलं तर तो तोंडी व्यवहारच करत राहील.

बंगालमध्ये ही मोहीम राबवणारे अधिकारी डी. बंद्योपाध्याय यांनाच पुढे बिहार सरकारने आयोगाचं अध्यक्ष नेमलं. २००८ च्या त्यांच्या अहवालात बटईदारांसाठी कायद्याची शिफारस होती. तो बासनात गेला. मतांचं गणित जमलं नाही, आणि विरोध करणाऱ्यांत लहान मालकही होते, म्हणजे आपल्यासारखेच.

माजी सैनिकांच्या मेळाव्यात मागण्यांची यादी निघते: पेन्शन, ईसीएचएस, कॅन्टीन. तिच्यात कसणाऱ्याच्या नोंदीचा कायदाही घाला. मालक म्हणून आपणच तो मागितला, तर ‘जमिनी हडपायचा डाव’ असं कुणाला म्हणता येणार नाही.