लाल यादीतला गहू

आमच्या वसतिगृहात सध्या एका टेस्टचं वेड आलंय. बोटातून थेंबभर रक्त द्यायचं, काही हजार रुपये भरायचे, की थोड्या दिवसांत शे-दोनशे पदार्थांची रंगीत यादी मोबाईलवर हजर. हिरवं ते खा, पिवळं ते बेतानं, लाल ते बंद. नाव ‘फूड इन्टॉलरन्स टेस्ट’. अंगावर पुरळ, पोटात गॅस, केसगळती, सगळ्याचं उत्तर म्हणे त्या यादीत असतं.

माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला गहू, दूध, अंडी आणि शेंगदाणे लाल आले. म्हणजे बेळगावात राहून कुंदा नाही, मेसची चपाती नाही, शेंगदाण्याची चटणीही नाही. मेसच्या मावशींनी विचारलं, “मग खातीस तरी काय गं पोरी?” मला तर हा प्रश्न त्या रिपोर्टपेक्षा जास्त शास्त्रीय वाटला.

कारण ही टेस्ट मोजते आयजीजी नावाची प्रतिपिंडं. खाल्ल्याबरोबर ओठ सुजणं, गांधी उठणं, धाप लागणं अशा अ‍ॅलर्जीमागे बहुतेक वेळा आयजीई हे वेगळंच प्रतिपिंड असतं. आयजीजी तर आपण नेहमी खातो त्या पदार्थांविरुद्ध धडधाकट माणसाच्या रक्तातही सापडतं. रोज चपाती खाणारीला गहू लाल येणार, यात नवल ते काय? युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ सालीच सांगितलंय की अन्नाची अ‍ॅलर्जी किंवा इन्टॉलरन्स ओळखायला ही तपासणी वापरू नये.

उलट गंमत बघा. अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांवरचा लंडनमधला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना लहानपणापासून शेंगदाणा खाऊ घातला, त्यांच्यात पाचव्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जी फार कमी निघाली, आणि याच मुलांच्या रक्तात शेंगदाण्याचं आयजीजी-फोर जास्त होतं. म्हणजे पदार्थ पचवण्याची खूण, आणि आपण तिला लाल रंग देतोय.

“पण सोडल्यावर बरं वाटतं ना!” असं मैत्रीण म्हणते. वाटतही असेल. गहू सोडला की बेकरीतले पफ, समोसे, मैद्याची बिस्किटं आपोआप सुटतात. दुधानं पोट बिघडणं हेही खरं असतं, पण ती लॅक्टोज न पचण्याची तक्रार, तिचा प्रतिपिंडांशी संबंध नाही. आणि खरोखर सिलिअ‍ॅकचा आजार असेल तर? त्याची तपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधीच सोडलात तर आजार असूनही ती नॉर्मल येऊ शकते.

मला जास्त भीती हिरव्या रंगाची वाटते. कोळंबीनं एकदा घसा सुजलेल्या मुलाला यादीत कोळंबी हिरवी दिसली आणि त्यानं ताटात घेतली, तर?

ऐकते की यंदाच्या आरोग्य शिबिरात ही टेस्ट सवलतीत ठेवायचं चाललंय. माझं म्हणणं, ठेवू नये. रक्त काढायचंच असेल तर हिमोग्लोबिन तपासा. आम्हा मेसवाल्या मुलींना त्याची जास्त गरज आहे.