तबकडीच्या मापाची अभिरुची

विद्यार्थ्यांची सांगीतिक अभिरुची घसरली, अशी खंत आम्ही मराठीचे प्राध्यापक वारंवार व्यक्त करतो. पण आमची अभिरुची तरी स्वयंभू कोठे होती? ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांनी आपले गायन त्या मापात बसवले; पुढे मराठी भावगीतही त्याच चौकटीत वाढले. कंपनीच्या यंत्राची ती मर्यादा आम्हांला गीताचा स्वभावच वाटू लागली. आज स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजल्याखेरीज गाणे ऐकल्याची नोंद होत नाही. मग संथ सुरुवात कोणाला परवडेल? वर्गात अभिरुचीविषयी बोलताना आम्हांला प्रथम आमच्याच कानांचा हा इतिहास सांगावा लागेल.