चार रुपये सत्तावीस पैसे

माणसाच्या घरात लग्नाची मुलगी असली किंवा दारात जुनी गाडी असली, की अख्खं गाव त्याचं सल्लागार मंडळ होतं. माझी मुलगी अजून सातवीत आहे. गाडी मात्र 1972 सालची आहे, त्यामुळे मंडळाच्या सभा आत्तापासूनच सुरू झाल्या आहेत.

गाडी म्हणजे फियाट 1100. वालचंद हिराचंद या आपल्या सोलापूरच्या माणसानं 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. हीच गाडी पुढे 1974 पासून पद्मिनी झाली, मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली, आणि 2023 च्या ऑक्टोबरात तिथल्या रस्त्यावरून अधिकृतपणे निवृत्तही झाली. शेवटची टॅक्सी 2003 साली नोंदलेली होती, तिला वीस वर्षं पुरी झाली एवढाच तिचा गुन्हा. तेव्हा वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले, लोकांनी फोटो काढले, डोळे पुसले. आमची गाडी तिच्यापेक्षा एकतीस वर्षांनी थोरली आणि अजून नोकरीवर आहे. तिच्यासाठी कुणी डोळे पुसत नाही. सगळे तिचं स्टिअरिंग बदला म्हणून मागे लागतात.

स्टिअरिंगला चिरा पडल्या आहेत हे मला मान्य आहे. आत लोखंडी कडं, वर टणक काळं प्लास्टिक. ऊन लागलं की लोखंड एका मापानं फुगतं, प्लास्टिक दुसऱ्या मापानं. वय झालं की प्लास्टिक आकसतं, पण लोखंड काही आकसत नाही. अशा वेळी संसारात जे होतं तेच चाकात होतं. आमच्या किनवटला मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो, आणि गाडी उभी असते लिंबाखाली, म्हणजे सकाळी सावली आणि दुपारी देवाची मर्जी. दांड्या जिथे कड्याला मिळतात तिथे दोन मोठ्या चिरा आणि वर चार-पाच बारीक. मोठ्या चिरेत तळहाताची कातडी सापडते. जोरात वळण घेतलं की 'आई गं' असा आवाज येतो. तो गाडीचा नसतो.

पहिला सल्ला आमच्या शाखेच्या हेडकॅशियरांनी दिला. त्यांचं म्हणणं, वरून कव्हर चढवा. त्यांच्या स्वतःच्या गाडीला आहे तसलं, केसाळ, गुलाबी. ते हातात धरलं की मांजराची मान धरून गाडी चालवल्यासारखं वाटतं, आणि उन्हाळ्यात मांजरालाही घाम येतो. शिवाय ते कड्यावर फिरतं. आपण फिरवतो कव्हर, गाडी जाते सरळ. पैनगंगेच्या पुलावर मला हा अनुभव घ्यायचा नाही. आणि भेगाळलेल्या भिंतीवर कॅलेंडर लावून भिंत दुरुस्त होते असं मानणाऱ्या माणसाच्या हाती बँकेची तिजोरी कशी दिली, हा प्रश्न मी त्यांना अजून विचारलेला नाही, कारण रजा त्यांच्याच शिफारशीनं मिळते.

दुसरा सल्ला पुण्याच्या भाच्याचा. हा मुलगा संगणकात आहे. तो मोबाइलवर मला अमेरिकेतल्या जुन्या मोटारी दाखवतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या, पुढे लांब नाक असलेल्या, इंजिन चालू केलं की शेजारच्या गल्लीतलं पोर उठेल अशा. त्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत पैलवान गाडी. तिथले हौशी लोक त्या काळचं स्टिअरिंग शोधून काढतात, नव्यानं ओतवून घेतात, आणि चाकावर जो खर्च करतात त्यात आमच्याकडे गाडी येते. हे सगळं दाखवून झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, आपण हिला एक छोटं स्पोर्ट्स स्टिअरिंग बसवू. तीन दांड्यांचं, चामड्याचं. लूकच बदलून जाईल."

इथे मला थोडं रागावू द्या. अरे बाबा, ती अमेरिकन माणसं जुनं चाक शोधायला जीव टाकतात, आणि तू ते पाहून जुनं चाक काढायला निघालास? पैलवानाचा फोटो बघून आजीला लंगोट नेसवण्यातला हा प्रकार आहे. आमची फियाट पैलवान कधीच नव्हती. ती चार माणसं, दोन पिशव्या आणि एक पाण्याचा कॅन घेऊन माहूरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये कुंथत चढते, आणि वर रेणुकामातेच्या पायथ्याशी पोचल्यावर आमच्यापेक्षा जास्त धापा टाकते. तिला कसलं आलंय स्पोर्ट्स!

शिवाय चाक मोठं असतं ते शोभेसाठी नव्हे. मी कॉमर्सचा माणूस, पण आमच्या आजीचं जातं मी पाहिलेलं आहे. जात्याचा खुंटा कडेला का बसवतात? मध्याजवळ बसवला तर दळणारीचे खांदे उतरतील म्हणून. आमच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, जी पॉवर आहे ती दंडातली. माझं चाक सोळा इंचांच्या आसपास आहे. ते काढून तेरा इंची बसवलं की त्याच वळणाला जवळजवळ सव्वापट जोर लागणार. शनिवारच्या गर्दीत बाजारपेठेत गाडी वळवताना तो सव्वापट कोण लावणार? भाचा? तो पुण्यात असेल. पुन्हा हिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीवरच, डाव्या हाताला. तो मोठ्या चाकाच्या हिशेबानं लांब केलेला. चाक लहान केलं की दांडा बाहेर काढलेल्या कोपरासारखा दिसत राहणार. आणि हॉर्न! या गाडीला चाकाच्या आत अर्धगोल चकचकीत कडी आहे, अंगठा नुसता टेकवला की वाजते. असली कडी नव्या चाकाला मिळत नाही. मधलं बटण दाबायला हात उचलावा लागतो, आणि आमच्या रस्त्यावर म्हैस तेवढा वेळ देत नाही.

भाचा हटेना. म्हणाला, "मामा, कायद्यालासुद्धा चालतं." हा कायदा मी पाहिला. 2021 च्या जुलैत केंद्रानं जुन्या गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं मिळतात, पण सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. स्टिअरिंगचं नाव त्यात नाही हे भाच्याचं म्हणणं खरं. पण त्याच नियमात पुढे असंही आहे की अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, तेल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची. म्हणजे घरात मान मोठा, पण भाजी आणायची चोरी. आमची गाडी अजून भाजी आणते. म्हणून मी दर पाच वर्षांनी साधी फेरनोंदणी करतो. तिची फी 2022 साली 600 ची 5,000 झाली आणि 2025 साली वीस वर्षांवरच्या गाड्यांना 10,000. असो. सरकारशी वाद घालायला हे पुस्तक लहान पडेल.

तिसरा सल्ला सुताराचा होता आणि खरं सांगतो, त्याला मी जवळजवळ फसलो. किनवट म्हणजे सागवानाचा मुलूख. 1956 पर्यंत आमचा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता, पुढे नांदेडात आला. जिल्हा बदलला, राज्य बदललं, सागवानाचा माज मात्र गेला नाही. आमच्याकडे कुठल्याही प्रश्नाला सागवान हे उत्तर असतं. सुतार म्हणाला, "साहेब, काहून पिलास्टिकच्या नादी लागता? सागाचं कडं करून देतो. तुमच्या नातवाले बी पुरते." अमेरिकेत त्या काळी प्लास्टिकवर लाकडाच्या रेषा काढून स्टिअरिंगं विकायचे, आणि इथे अस्सल सागवान चालून आलेलं! दोन रात्री मी स्वप्नात सागवानी चाक फिरवलं. मग लक्षात आलं की आतलं लोखंडी कडं कापून टाकल्यावर जे उरेल ते देवघराच्या कमानीला छान दिसेल, पण अपघातात छातीपुढे लाकडाची फळी घेऊन बसायची हिंमत माझ्यात नाही.

मधल्या काळात मी एक मूर्खपणाही केला. मुंबईला लग्नाला गेलो होतो, तिथे चोरबाजारात एका दुकानदारानं 'अस्सल फियाटचं' म्हणून एक चाक गळ्यात घातलं. ते घेऊन मी नंदीग्राम एक्स्प्रेसनं परत निघालो. बॅगेत मावेना, म्हणून मांडीवर घेतलं. एखाद्यानं रात्रभर मांडीवर स्टिअरिंग घेऊन स्लीपरच्या डब्यात बसून पाहावं. मनमाडला एकजण म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, जरा दाबा, लेट आहे." परभणीला गाडी सिग्नलला थांबली तर अख्खा डबा माझ्याकडे बघू लागला. एका आजीबाईंनी मला वाकून विचारलं, "बाबा, नांदेड आलं की हाळी मार, तुलाच ठावं." घरी आल्यावर कळलं की मधल्या भोकातल्या खाचा आमच्या गाडीच्या दांड्याच्या खाचांशी जुळत नाहीत. ते कुठल्या गाडीचं होतं हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. सध्या माझा मुलगा ते खुर्चीला बांधून मुंबईला जाऊन येतो.

आता चौथा सल्लागार. हे नांदेडचे गृहस्थ, जुन्या गाड्यांचे खरे जाणकार. यांच्याशी माझं भांडण सगळ्यात अवघड, कारण यांचं सगळंच बरोबर असतं. त्यांनी चाक बघितलं, काढायला सांगितलं, चिरा कशा भरायच्या ते सांगितलं. आणि मग म्हणाले, "हे वरचं सगळं घासून टाका. हा डाव्या बाजूचा खोलगट भाग भरून काढा. कारखान्यातून निघालं तसं करून देतो. नवं कोरं."

तो खोलगट भाग म्हणजे अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं औषधांचं दुकान होतं. 1984 साली त्यांनी ही गाडी एका लाकडाच्या ठेकेदाराकडून जुनी म्हणून घेतली. तेव्हा गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. रात्री-अपरात्री दाराची कडी वाजायची. कुणाची बाळंतीण अडलेली, कुणाला साप चावलेला. अण्णा बंडीवर शर्ट चढवायचे आणि नांदेडला निघायचे. दीडशे किलोमीटरला थोडंच कमी, आणि रस्ता तेव्हाही आजच्यासारखाच. मागच्या सीटवर पेशंट आडवा, पुढच्या लांब बाकावर मी झोपेत, कारण आई नको म्हणत असताना मी हट्टानं बसलेला असायचो. अण्णांची सवय अशी की डावा हात घड्याळात दहाचा काटा असतो तिथे घट्ट, आणि अंगठा कड्याच्या आतून घासत राहायचा. काळजीत असले की जास्तच. तीस वर्षं तो अंगठा तिथे घासला. त्या जागी प्लास्टिक झिजून बशीसारखं झालं आहे. बाकी सगळं चाक काळं, ती एक जागा तुळतुळीत.

जाणकार गृहस्थांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "भावना ठीक आहेत, पण हा दोष आहे." मी त्यांना नमस्कार करून गाडीत बसलो. झीज म्हणजे दोषच, हे धोरण जर एकदा मान्य केलं, तर गावातल्या मारुतीच्या देवळाची पायरी उद्या फरशी घालून सपाट करावी लागेल. चिरा वेगळ्या. चीर हात कापते, पाणी आत सोडते, आतलं लोखंड गंजवते. लोखंड गंजून तुटलं तर भावना बाजूला ठेवून चाक फेकलंच पाहिजे, हे मी आईशप्पथ मान्य करतो. पण आतलं कडं धड असताना वरची झीज घासून टाकणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत. आमच्या खात्यात याला खाडाखोड म्हणतात, आणि त्यावर दोन सह्या लागतात.

हिशेबाचाही एक मुद्दा आला. आमच्या सौ.नं विचारलं, या गाडीची किंमत तरी किती, की चाकावर एवढा खल? कॉमर्सच्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. मी कागद घेतला. गाडी नवी वीस हजारांची धरली, दरसाल 15 टक्के घसारा, तोही उरलेल्या किमतीवर. 2024 अखेर बावन्न वर्षांत उरले चार रुपये सत्तावीस पैसे. या पद्धतीची गंमत अशी की किंमत शून्य कधीच होत नाही. दरवर्षी थोडी झिजते, पण उरते. सौ. म्हणाली, "मग नवं चाक दोन हजारांचं कशाला?" म्हणजे ती माझ्याच बाजूची निघाली, हे मला उशिरा कळलं.

शेवटी चाक आमच्या चाचांकडे दिलं. हे मिस्त्री अण्णांच्या काळापासूनचे. त्यांनी आधी मधला नट सैल केला, मग चाक ओढून काढायचं पुलर लावलं. हातोडा लावू दिला नाही. हातोड्यानं खाचा मरतात. एक्सॉ ब्लेडनं चिरा पार लोखंडापर्यंत उघडल्या, तोंड रुंद केलं, गंज खरवडला, थिनरनं पुसलं आणि अ‍ॅराल्डाइट भरलं. एक दिवस वाळू दिलं, खाली बसलेलं पुन्हा भरलं. मग पॉलिश पेपर, आधी जाड, मग पाण्यातला बारीक. मग काळा रंग, पातळ हात, तीनदा. डाव्या बाजूला आले तेव्हा त्यांनी ती खोलगट जागा चिकटपट्टीनं झाकली. मी काही बोललो नव्हतो. विचारलं, तर म्हणाले, "अण्णासाबका हात है ये, इसकू कैसा घिसूं मैं?" आणि बिडी पेटवायला बाहेर गेले.

अण्णा आता ब्याऐंशीचे. काचबिंदूनं नजर गेली, आठ वर्षांपूर्वी गाडी सुटली. संध्याकाळी त्यांना हात धरून गाडीत बसवलं की ते तासभर बसतात. चाक बसवून आणलं त्या दिवशीही बसले. कड्यावरून दोन्ही हात फिरवले, चिरांच्या जागी थांबले, नखानं चाचपून पाहिलं. मग डावा हात दहाच्या काट्यावर गेला आणि अंगठा आत बसला.

"किती घेतले?"

"सातशे, अण्णा."

"महाग पडलं," म्हणाले, आणि हॉर्नची कडी दाबली. लिंबाखालची म्हैस उठली.