पावती आमच्या नावाची, मैदान कोणाचं?

मैत्रिणींनो, कॉलेजच्या फीची पावती नीट वाचा. तिच्यात 'जिमखाना' अशी एक ओळ असते. मुलाच्या पावतीवर असते तशीच मुलीच्याही, आणि रक्कमही तेवढीच. या पैशाचं पुढे काय होतं?

मी मानकोली परिसरात मुलींच्या गटांबरोबर काम करते. इथल्या मुली जातात त्या एका कॉलेजात (नाव मुद्दाम लिहीत नाही, आपापल्या गावचं घालून वाचा) मुलींचा क्रॉस कंट्री संघ 'आहे'. म्हणजे यादी आहे. स्पर्धेच्या आठवड्यात कबड्डीची, एन.एस.एस.ची, जी सापडेल तिचं नाव त्यात चढतं. मुलांचा सराव मात्र पावसाळ्यापासून चालू असतो. खेळाचे सर तासिका तत्त्वावर. तेवढ्या मानधनात पहाटे पाचला या, असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? प्रशिक्षक बाई नाहीच. बूट स्वतःचे, गाडीभाडं स्वतःचं. आणि पळायचं कुठे, तर गोदामांकडे वळणाऱ्या कंटेनरमधून वाट काढत, नाशिक महामार्गाच्या कडेने. घरच्यांनी 'नको' म्हटलं की कॉलेज मोकळं : "मुलींनाच हौस नाही हो!"

हे कारण जुनंच आहे. 1928च्या ऑलिंपिकमध्ये 800 मीटर पळून बायका थकल्या, असा गवगवा झाला आणि ती शर्यत 1960पर्यंत बायकांना बंद झाली. पुरुष काय गाणी म्हणत पोचतात? जागतिक क्रॉस कंट्रीत 2015पर्यंत पुरुषांना 12 किलोमीटर आणि बायकांना 8. दोघांना सारखे 10 किलोमीटर मिळाले 2017मध्ये, कंपालाला. अंतर सारखं झालं, खर्च कधी होणार?

आपल्या चळवळीने ओळखावी अशी एक गोष्ट या खेळात आहे. इथे संघाचा निकाल बेरजेने लागतो. जागतिक स्पर्धेत संघातल्या पहिल्या चौघींचे क्रमांक मिळवतात, ज्यांची बेरीज कमी तो संघ पुढे. एकटी पहिली येऊन भागत नाही. मागून धापा टाकत येणारी चौथीही तितकीच लागते. पण संस्थाचालकांना चार मुली घडवायच्या नसतात, सत्काराला एक हवी असते.

म्हणून स्नेहसंमेलनात कविता राऊतचं नाव घेतात. सावरपाड्याच्या या आदिवासी मुलीने 2010मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. भाषणात तिची गरिबी येते. नाशिकला विजेंद्रसिंगांनी तिच्याकडून करून घेतलेला वर्षानुवर्षांचा सराव येत नाही, कारण तो आला तर 'आपल्याकडे प्रशिक्षक कुठे आहे?' हा प्रश्नही येईल. गरिबीने पदकं मिळत असती तर आपल्या पाड्यापाड्यांवर ढीग लागला असता.

कॉलेजचं अंदाजपत्रक महाविद्यालय विकास समितीपुढे येतं. अनुदानित कॉलेज असेल तर 2005च्या माहिती अधिकार कायद्याखाली 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारा : जिमखान्याचे किती जमले, मुलींच्या संघांवर किती खर्चले, क्रॉस कंट्रीच्या यादीतल्या किती जणी प्रत्यक्ष पळाल्या, त्यांना कोणी शिकवलं. आणि तक्रार समितीवर कोण आहे तेही विचारा. 2013च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडासंस्था आणि मैदानं स्पष्ट लिहिलेली आहेत. तरी 2023मध्ये कुस्तीगीर मुलींना जंतरमंतरवर रस्त्यात बसावं लागलं.

आमच्या गटातल्या मुलींचा अर्ज लिहून तयार आहे. मजकूर हवा असेल त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कळवावं.