रिपोर्ट येईपर्यंत

कोकणी माणसाला वाट पाहणे शिकवावे लागत नाही, असे आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. मुंबईच्या मनिऑर्डरीची वाट, गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याची वाट, मृगाच्या पहिल्या सरीची वाट. आणि आमच्या पूर्णगडात तर मुचकुंदीच्या मुखाकडे डोळे लावून होड्यांची वाट! हे सारे आपल्या अंगवळणी पडले आहे. पण एक वाट पाहणे मात्र आपल्याला मुळीच जमत नाही, असे माझे मत झाले आहे. ते म्हणजे दवाखान्यातून येणाऱ्या कागदाची. त्यातून तो कागद पुरुषाच्या कमरेखालच्या दुखण्याचा असला, तर विचारूच नका!

महाविद्यालयाच्या वार्षिकात, तेही एका मुलीने, 'प्रोस्टेट' या विषयावर लिहावे याचे काही मित्रांना हसू येईल. येऊ द्या. प्रत्येक पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी ही ग्रंथी असते. वय वाढते तशी ती बहुधा वाढते, लघवीला अडथळा करते, रात्री चारचार वेळा उठवते. हे वाढणे म्हणजे कॅन्सर नव्हे. तरीही कधी कधी तेथे कॅन्सर होतो, म्हणून डॉक्टर रक्ताची 'पी.एस.ए.' नावाची तपासणी करायला सांगतात. घोटाळा असा की हा आकडा कॅन्सरने वाढतो, तसाच साध्या वाढीने आणि जंतुसंसर्गानेही वाढतो. आकडा 4 ते 10 च्या दरम्यान असला तर पुढे बायॉप्सीत साधारण चारांतील एकालाच कॅन्सर निघतो. उरलेले तिघे विनाकारण घाबरलेले असतात. पण ते तिघे कोण, हे शेवटचा कागद येईपर्यंत कोणालाच ठाऊक नसते.

माझे आजोबा, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, वय वर्षे 68. गेल्या मार्गशीर्षात त्यांचा आकडा 8.6 आला. औषधाचा एक कोर्स देऊन पुन्हा तपासले, तर 8.1. मग एम.आर.आय., मग बायॉप्सीची तारीख, ती तेरा दिवसांनंतरची. आणि बायॉप्सी झाल्यावर रिपोर्टची वाट, ती अकरा दिवसांची. या चोवीस दिवसांत आमच्या घरात जे घडले ते पाहून मला हा लेख लिहावासा वाटला.

पहिली गोष्ट म्हणजे घरात कोणी खरे बोलेना. शेजारी विचारीत तेव्हा 'शुगर तपासायला गेले होते' असे उत्तर ठरलेले. मला तर काहीच सांगितले नव्हते, कारण मी मुलगी! एम.आर.आय.चे पाकीट कपाटात साड्यांखाली ठेवलेले होते. आजीने किल्ल्याच्या दरवाजाजवळच्या मारुतीला नवस बोलला, तोही अण्णांच्या नकळत. अण्णा रात्री पडवीत येरझारा घालीत आणि आजी आत जागी राहून त्यांची पावले मोजी. दोघे एकमेकांना झोपलेले समजण्याचे नाटक करीत. मुंबईहून काकांचा रोज फोन येई आणि रोज तेच वाक्य: "काही होत नाही, अण्णा!" हे वाक्य मला आता कुठेही ऐकू आले तरी राग येतो. ज्याला काही माहीत नाही तोच ते इतक्या जोरात म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला नेमके तेवढेच कळते की आता या माणसाशी पुढे बोलता येणार नाही.

याउलट, ज्या कोणी आकडे सांगितले त्यांनी धीर दिला. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी अण्णांना समोर बसवून ती चारांतील एकाची गोष्ट स्पष्ट सांगितली. अण्णा जुन्या हिशेबाचे. क्षणभर विचार करून म्हणाले, "म्हणजे रुपयातले चार आणे त्याचे नि बारा आणे आपले." त्या रात्री ते झोपले. चार आण्यांची भीती काही लहान नव्हे; पण तोपर्यंत ते सबंध रुपयाला भीत होते.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना येथे एक प्रयोग आठवेल. 2016 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 45 स्वयंसेवकांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावरचे दगड उलटायचे. खाली साप निघाला तर हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका. सर्वांत जास्त ताण केव्हा दिसला? झटका बसणारच हे ठाऊक होते तेव्हा नव्हे, तर बसेल की नाही याची शक्यता निम्मीनिम्मी होती तेव्हा. आमच्याकडे चिरे रचलेल्या गडग्यात हात घालताना प्रत्येकाला हा अनुभव येतो, त्याला लंडनला जायला नको! पण त्यातून एक गोष्ट पक्की होते. धास्तावलेला माणूस भित्रा असतो असे नाही. न कळणे हेच एक दुखणे आहे, आणि त्यावरही काही उपाय करावा लागतो.

तो उपाय आपल्याच किनाऱ्यावर आहे, असे मला वाटते. 11 नोव्हेंबर 2009 रोजी 'फयान' वादळाने रत्नागिरीच्या किनाऱ्याला तडाखा दिला, तेव्हा मी अगदी लहान होते. आजी सांगते, की ज्यांची माणसे दर्यावर होती त्यांच्यापाशी सारा गाव जमला होता. 'काही होत नाही' असे तेथे कोणी म्हणाले नाही. कोणती लाँच कोठे दिसली, कोणाचा निरोप कोणत्या बंदरातून आला, हेच सारे विचारीत होते. आणि कोणीतरी कोणाच्या तरी घरी चूल पेटवून भात शिजवीत होते. भीती तीच होती, पण ती उघड्यावर होती आणि वाटून घेतलेली होती. मग अण्णांच्याच वाट्याला ती कपाटातल्या साड्यांखाली का यावी? होडी बुडाली तर लाज नाही, आणि लघवी अडली तर लाज, हा कोठला न्याय?

अखेर मीच एके दिवशी जेवताना विषय काढला. ओरडा बसेल असे वाटले होते, पण अण्णा नुसते म्हणाले, "बरे झाले, विचारलेस." मग असे ठरले की दिवेलागणीनंतर अर्धा तास या विषयावर सर्वांनी बोलायचे, जे वाटेल ते, अगदी मृत्युपत्राचेसुद्धा, आणि तो अर्धा तास संपला की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत नाही. हे वरवर पोरकट वाटेल, पण चालले. दिवसभरात मनात आलेली शंका अण्णा कालनिर्णयाच्या मागे लिहून ठेवू लागले. कलमांना मोहोर धरत होता, फवारणीची गडबड होती. तो माणूस दिवसा कामाला लागला.

आता थोडे कडू बोलते. जेथे बायॉप्सी झाली तेथे 'रिपोर्ट आला की कळवू' एवढेच सांगितले. कधी, ते नाही. ग्रंथीचे बारा बारीक तुकडे काढून घेतलेल्या माणसाला मोबाईल खिशात घेऊन अकरा दिवस काढायला लावायचे, यात कोणाची दुष्टबुद्धी नाही हे मी जाणते. कामाचा बोजा आहे. पण केसपेपरवर 'अमुक तारखेपर्यंत रिपोर्ट, न आल्यास अमुक नंबरवर फोन करा' एवढी एक ओळ लिहायला किती शाई लागते? एस.टी.सुद्धा उशिरा का होईना, फलकावर वेळ लिहिते! माझी मागणी एवढीच आहे, आणि आरोग्याच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या मित्रांनी ती ध्यानात ठेवावी.

अण्णांचा रिपोर्ट आला. चार आणेच निघाले. बारांपैकी दोन तुकड्यांत कॅन्सर, पण 'ग्लीसन 6' म्हणजे सर्वांत मंद प्रतीचा. डॉक्टर म्हणाले, आता कापायचे नाही, लक्ष ठेवायचे. ठरावीक महिन्यांनी रक्त तपासायचे, गरज पडली तर पुन्हा एम.आर.आय. आणि बायॉप्सी. घरात खळबळ उडाली. काकांचे म्हणणे, कॅन्सर आहे आणि नुसते बघत बसायचे? ताबडतोब काढून टाका!

काकांची माया मला कळते, पण मत पटत नाही. ब्रिटनमध्ये असा ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्या 1,643 पुरुषांचे तीन गट केले होते: शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि देखरेख. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष 2023 साली आले. या कॅन्सरने दगावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत शेकडा तीनच्या आसपासच होते. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण काहीसे जास्त होते आणि निम्म्याहून अधिकांनी पुढे केव्हातरी उपचार घेतला, हेही सांगितले पाहिजे. शिवाय प्रत्येकाला देखरेख पुरत नाही. रोगाची प्रत वरची असेल तर उशीर घातक. पण अण्णांसारख्यांना थांबणे हाच उपचार आहे. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा जाण्याचा धोका असतो, तो फोनवरून सल्ला देणाऱ्याला भोगायचा नसतो.

या संदर्भात मला डॉ. आत्माराम गावंडे यांची फार आठवण होते. यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यात मूत्ररोगांचा शल्यविशारद झाला. किती पुरुषांना त्यांनी हीच वाट पाहायला लावली असेल! 2006 साली त्यांच्याच मानेत, मज्जारज्जूमध्ये गाठ निघाली. एका सर्जनने लगेच शस्त्रक्रिया सुचविली, दुसऱ्याने थांबता येईल म्हटले. आपल्याला कशाची भीती वाटते आणि काय गमावणे चालणार नाही, हे बोलून घेऊन त्यांनी थांबणे पत्करले. रुग्ण तपासले, रोटरीचे काम केले. शस्त्रक्रिया झाली ती 2010 साली. 2011 मध्ये ते गेले. त्यांचे पुत्र डॉ. अतुल गावंडे यांनी 'बीइंग मॉर्टल' या 2014 च्या पुस्तकात हे सारे लिहिले आहे. ते शक्य असेल त्याने जरूर वाचावे.

काका अजून रुसलेले आहेत. अण्णांची पुढची तपासणी ज्येष्ठात आहे. तारीख कालनिर्णयावर लाल शाईने लिहिली आहे, सर्वांना दिसेल अशी. कोणी विचारले तर अण्णा आता 'प्रोस्टेट' असे स्वच्छ सांगतात, परवा तर पावसच्या स्टँडवर एका समवयस्काला सांगितले, आणि तो गृहस्थ इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "माझापण आकडा सात आला हाय."