पुसद नगरपालिकेचे वसंतराव

१ जुलै या तारखेला वाशिममध्ये दोन आठवणी एकत्र येतात. १९९८ साली याच दिवशी अकोल्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. आणि १९१३ साली याच दिवशी, शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुली या बंजारा गावात वसंतराव नाईक जन्मले. राज्यभर हा दिवस कृषी दिन म्हणून साजरा होतो. फोटोला हार घातला जातो, ‘हरितक्रांतीचे जनक’ असे म्हटले जाते आणि कार्यक्रम संपतो.

१९६३ ते १९७५ अशी सलग ११ वर्षांहून अधिक काळ ते मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारी, अकोल्याचे कृषी विद्यापीठ, १९७२ च्या दुष्काळातली रोजगार हमीची कामे, हे सगळे आपण शाळेत वाचले आहे. पण आमच्या तरुण वाचकांनी त्यांची आठवण काढावी ती त्याआधीच्या वर्षांसाठी.

नागपुरात वकिलीचे शिक्षण घेतलेला हा तरुण मोठ्या शहरात स्थिरावू शकला असता. तो पुसदला परतला. तिथे वकिली केली आणि १९४६ साली नगरपालिकेचा अध्यक्ष झाला. तांड्यावरच्या मुलासाठी सार्वजनिक जीवनाचे दार उघडले ते नगरपालिकेत. आमदारकी आली १९५२ साली, आणि मंत्रिपद त्यानंतर.

१९६० साली महसूलमंत्री असताना लोकशाही विकेंद्रीकरणाच्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. या समितीने जिल्हा परिषदेला खरे अधिकार द्यावेत असे सुचवले, आणि आमदार-खासदारांना त्या सभागृहात सदस्यत्व देऊ नये असेही. जिल्ह्यात नवे कार्यकर्ते तयार व्हायचे असतील तर मोठ्या पुढाऱ्यांनी थोडे बाजूला राहावे, असा त्याचा सरळ अर्थ. त्यातून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आपल्या गावची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आतला रस्ता आजही त्याच चौकटीत चालतो.

या माणसाला घरही होते. १९४१ साली त्यांनी नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी लग्न केले. ते बंजारा, त्या ब्राह्मण. त्या काळात असे लग्न करणाऱ्याला समाज काय म्हणत असेल, हे आजच्या तरुणांना समजावून सांगायची गरज नाही. वत्सलाबाईंनी तो संसार उभा केला आणि स्वतःही सामाजिक कामात राहिल्या. सार्वजनिक माणसाच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा, मुलांचा अभ्यास, रात्री-अपरात्री वाजणारे दार, हे सगळे कोणीतरी सांभाळत असते. आपल्या श्रद्धांजलीत त्या व्यक्तीचे नाव शेवटच्या ओळीत येते, तेही कधीकधीच.

आठवण काढणे म्हणजे आरती करणे नव्हे. मे १९७० मध्ये भिवंडी, जळगाव आणि महाड इथे दंगली झाल्या तेव्हा मुख्यमंत्री नाईकच होते. न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपाती वागण्यावर कठोर ताशेरे ओढले. आपल्या अनेक घरांत ती जखम अजून आठवते. चांगले काम आणि राहून गेलेला न्याय, दोन्ही एकाच पानावर लिहिता आले पाहिजेत.

१९७७ साली वाशिमने त्यांना लोकसभेवर पाठवले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूरमध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच निवडणुकीत, १९८० साली, याच वाशिमने जम्मू-काश्मीरच्या गुलाम नबी आझाद यांना निवडून दिले, आणि १९८४ साली पुन्हा. दूरच्या एका मुस्लिम तरुणाला खासदार करणारा हा मतदारसंघ होता. हेही आपल्या जिल्ह्याच्या आठवणीत असू द्या.

आता आपल्या मोहल्ल्याकडे या. कारंजा, मंगरुळपीर, रिसोड, वाशिम, कुठेही एखादे माजी नगरसेवक वारले की ग्रुपवर फोटो येतो, ‘इन्ना लिल्लाहि’ येते, जनाजाला किती गर्दी होती ते येते. तीन दिवसांनी सगळे वर सरकून जाते. त्यांनी नळाची लाइन कोणत्या गल्लीपर्यंत आणली, उर्दू शाळेच्या खोलीसाठी किती हेलपाटे घातले, कब्रस्तानची भिंत कशी मंजूर करून घेतली, हे कोणी लिहीत नाही. दहा वर्षांनी नवा पुढारी तेच काम आपल्या नावावर सांगतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कोडची एक ओळ बदलली तरी ती कोणी आणि कधी बदलली याची नोंद राहते. नगरपालिकेतही अशी नोंद असते. सभेच्या इतिवृत्तात प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहिलेली असतात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली ती पाने मागता येतात. मरहूमांची खिदमत खरी किती आणि सांगोवांगीची किती, ते तिथे दिसते. बाकीचे त्यांच्या घरी विचारा. बीवीला विचारा, मुलींना विचारा, की लोकांसाठी दिलेल्या वेळेची किंमत घरात कोणी मोजली.

हे आत्ताच का? २०२२ पासून राज्यातल्या अनेक नगरपालिकांत कित्येक वर्षे प्रशासक बसले. निवडणुका घ्या असा आदेश मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. एवढा काळ वॉर्डाला निवडून दिलेला माणूसच नव्हता, आणि त्याची बोंब फारशी झाली नाही. नगरसेवक काय करतो हेच विसरले, तर तो नसल्याचे कळणार कसे?

नगरपालिकेची निवडणूक २१ व्या वर्षी लढवता येते. लढवायची नसेल तरी चालेल. जिल्ह्यातल्या सहाही तालुक्यांतून प्रत्येकी एका दिवंगत स्थानिक लोकसेवकाचे एक पान आम्हाला पाठवा. धर्म-जात कोणतीही असो. तारखा तपासून लिहा, कौतुकासोबत उणिवाही लिहा, आणि घरच्यांची परवानगी घ्या. आम्ही ते छापू.