कुरळ्या केसांची कैफियत

शिरूर-दौंड एस.टी.त "कंगवा हरवला का गं?" हा प्रश्न माझ्या कुरळ्या केसांना नेहमीचाच. वास्तविक कुरळ्या केसाचे मूळच वाकडे. टाळूचे तेल शेंड्यापर्यंत पोचत नाही, केस कोरडा पडतो. ओलसर असतानाच खोबरेल लावून, विरळ दातांच्या कंगव्याने शेंड्यापासून सोडवावा. कोरडा ओढाल तर तुटेल!

हे हसण्यावारी नेता येते. पण गुंता तसाच राहिला, घामा-मळाने घट्ट झाला, की त्याची जट होते आणि ती देवीची ठरते. मग कोपाच्या भीतीने बाई मान अवघडेपर्यंत ते ओझे वाहते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्यातील नंदिनी जाधव यांनी शंभरांहून अधिक बायकांच्या जटा समजूत घालून कापल्या. त्या पूर्वी ब्युटी पार्लर चालवीत, हे मला फार बोलके वाटते. केस सरळ करायला हजारो रुपये मोजणाऱ्या आपण शेजारणीच्या गुंत्याला हात लावायला मात्र कचरतो.